कोरी हरणी

१

लेंड्या गरम असतानाच उचलायच्या, हा पहिला नियम. गार झाल्या की त्यात जमिनीवरचे उपरे शिरतात, आणि मग आतलं कोण न् बाहेरचं कोण काही कळत नाही. म्हणून धाकटी रोज सकाळी रबरी बूट चढवून कुरणात उतरायची आणि हरणांच्या ढुंगणांकडे बघत उभी राहायची. पशुवैद्यकाचं कॉलेज तिनं तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा बाप म्हणाला होता, "पुरी शिकली असतीस तरी हेच केलं असतंस. फरक एवढाच, की लेंडी वेचताना लोकांनी डॉक्टरीणबाई म्हटलं असतं." बापाची विनोदबुद्धी ही अशी. पोरीचं नाक कापायचं आणि वर तिलाच रुमाल द्यायचा.

बापाचा धंदा हरणं सांभाळायचा. एका जंगलातून पकडलेली हरणं दुसऱ्या जंगलात सोडायच्या आधी त्याच्या कुरणात, उंच तारेच्या कुंपणात, ठेवत. ती निरोगी निघाली तर पुढं जात. पोटात जंत फार निघाले तर कळप नाकारला जाई, आणि नाकारलेला कळप माघारी जंगलात जात नसे, खड्ड्यात जाई. मागचा तसाच गेला होता. बंदुकीचे बार सगळ्यांनी घरात बसून ऐकले होते. बाप तेव्हा रेडिओ मोठा करून बसला होता.

जंत बघायचं काम धाकटीचं. गोठ्यामागं न्हाणीघराएवढी एक खोली होती, तिथं तिचा मायक्रोस्कोप. लेंड्या खलायच्या, मिठाच्या दाट पाण्यात कालवायच्या, चहाच्या गाळणीतून गाळून नळीत काठोकाठ भरायच्या आणि वर पातळ काच ठेवायची. जंतांची अंडी हलकी. तरंगत वर येतात, काचेला चिकटतात. ती काच उचलून बघायची.

जंगली हरणाच्या पोटात अंडी असतातच. ज्या घरात माणसं राहतात तिथं धूळ असते, तसं. थोडी दिसली तर जनावर ठणठणीत, भरमसाट दिसली तर औषध. धाकटीला ती बघायला आवडायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लांबट, पातळ सालीची, आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी. न बोलावता आलेली, दुसऱ्याच्या पोटात मुक्काम ठोकून बसलेली, हाकललं तरी परत येणारी. घरात तिची स्वतःची जागा साधारण तीच होती.

त्या सकाळी तिनं काच लावली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली. काही नाही. मीठ कमी पडलं असेल म्हणून पुन्हा केलं. काही नाही. दुसऱ्या हरणाच्या लेंड्या त्याच पाण्यात, त्याच गाळणीतून घेतल्या, तर अंडी हजर. परत पहिल्या घेतल्या. काच कोरी. अंडी नाहीत ते सोडा, पण गवतावरून, पाण्यातून आलेली जी बारीकसारीक वळवळ प्रत्येक लेंडीत असते, तीसुद्धा नाही. नळाचं पाणी बघितलं तरी याहून जास्त सापडतं.

त्या लेंड्या थोरलीच्या हरणीच्या होत्या.

२

थोरली म्हणजे धाकटीची बहीण. मोठ्यानं हसणारी, मोठ्यानं भांडणारी, पोटात जरा दुखलं तर अख्ख्या घराला ऐकवणारी. ही हरणी पाडस असताना कुंपणाबाहेर एकटीच उभी होती. थोरलीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता ती थोरलीच्या मागं मागं फिरे, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर नुसती बघत राही.

"तुझ्या लेकीच्या पोटात एक जंत नाही, ताई," धाकटी म्हणाली.

"मग? आईवर गेलीये. स्वच्छ वळणाची." थोरली पायावरचा डासाचा फोड खाजवत खिदळली. "तुला काय गं, लोकांच्या पोटात घाण नाही निघाली की चैन पडत नाही?"

"कोरी आहे अगदी."

"कोरी! बघ, नाव ठेवायचं राहिलंच होतं."

नाव तेच पडलं.

जेवायला बसल्यावर धाकटीनं बापाला सांगितलं. बापाचा घास हातातच राहिला.

"एकही अंडं नाही?"

"नाही. आणि तेच बरोबर नाहीये, बाबा. जंतच नाहीत असं जनावर नसतं."

"नसतं म्हणजे? आहे की. समोर चरतंय." बाप आईकडे वळला. "ऐकलंस? रोग सापडला तर हिला आनंद. नाही सापडला तर हिच्या डोक्यात किडा."

"तिच्या डोक्यात किडे नव्हते कधी?" आई म्हणाली. "वाढू का अजून?"

बापानं तिथल्या तिथं ठरवलं. उद्यापासून पलीकडच्या जंगलाच्या डॉक्टरकडे तपासणीला साऱ्या कळपाचा नमुना म्हणून कोरीच्याच लेंड्या पाठवायच्या. पिशव्या वेगळ्या, हरीण एकच. धाकटी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "नाहीतर खड्डा खणायला माणसं बोलावतो. बोलावू?" वडीलधाऱ्यांचं हे बरं असतं. गुन्हा त्यांचा, आणि दयेची किंमत तुम्ही मोजायची.

तिनं पिशव्या भरल्या.

त्या रात्री थोरलीनं तिच्या कानाशी कुजबुजून सांगितलं, "हा कळप गेला की आपणही जायचं. शहरात खोली बघून ठेवलीये मी. एक खिडकी आहे, आणि ती उघडत नाही. पण आपली आहे." बॅग भरून तिनं खाटेखाली सरकवली होती. धाकटीला त्या घरात त्या एका गोष्टीखेरीज दुसरं काही नको होतं. बहीण, ती खोली, आणि न उघडणारी खिडकी.

३

कोरीच्या शेजारच्या आवारात एक आजारी नर ठेवला होता. जंतांनी इतका पोखरलेला, की हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्याला औषध द्यायचं राहून गेलं होतं. एक दिवस त्याची काच लावली तर निम्मी अंडी. आठवडाभरात तीही कोरी.

हे तिनं बापाला सांगायला नको होतं. पण सांगितलं, शंका म्हणून. बापानं ते खूशखबर म्हणून ऐकलं.

"मग मधली फाटकं काढा की! सगळे सोडा हिच्यात."

"कशामुळं होतंय ते तरी कळू दे आधी."

"भूक लागली तर माणूस जेवतं. शिजलं कशामुळं ते विचारत बसतं का?"

त्याला घाई होती, कारण पलीकडच्या जंगलाचा डॉक्टर या खेपेला स्वतः येणार होता. स्वतः उचलणार, स्वतः बघणार. पिशव्यांची लबाडी चालणार नव्हती. फाटकं निघाली. थोरली पुढं, तिच्यामागं कोरी, आणि दोघींच्या मागं हळूहळू सारा कळप. थोरलीनं दिवसभर तिथंच बसायचं, कारण ती उठली की कोरी उठायची आणि कळप बिथरायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी कुंपणाच्या बाहेरच्या कडेनं पाणी सोडायला गेली. ऊन रणरणत होतं. गवतात काहीतरी ओलं चमकत होतं. ती वाकली.

हरणाच्या पोटात एक जंत असतो. बोटाच्या पेराएवढा, लाल न् पांढऱ्या दोऱ्याचा पीळ घातल्यासारखा. तो पोटाच्या आतल्या अस्तराला तोंड रुतवून रक्त पितो आणि मरेपर्यंत जागा सोडत नाही. जनावर कापल्याखेरीज कुणी तो बघत नाही. कॉलेजात धाकटीनं तो बाटलीत बघितला होता. इथं गवतात त्यांचा पट्टा पडला होता. औषधानं पडतात ते मेलेले असतात. हे जिवंत होते. उन्हात त्यांचं काही खरं नव्हतं, कडेचे सुकून वाळले होते, तरी मागचे त्यांच्यावरून सरपटत होते. एकही कुरणाकडे वळत नव्हता. सगळ्यांची तोंडं बाहेर.

तिनं स्वतःला समजावलं, की उतार त्या बाजूला असेल. जवळच्या बाटलीतलं प्यायचं पाणी तिनं जमिनीवर ओतून बघितलं.

पाणी कुरणाकडे वाहत गेलं.

४

मग ती बघायला लागली. न बघून भागेना.

गोचिडी कानाच्या मुळाशी आणि शेपटीखाली बसतात. कोरीच्या कानाच्या मुळाशी एक नव्हती. इतरांच्या अंगावरच्या गळून पडत होत्या, आणि गळालेल्या तारेपलीकडे चालल्या होत्या. कोरीची लेंडी गवतात जशी पडली तशीच राहायची. शेणकिडा तिकडं फिरकत नव्हता, माशी बसत नव्हती, बुरशीसुद्धा धरत नव्हती. औषधानं जंत जातील हो. पण माशीला कुणी औषध पाजलं?

आणि हरणं स्थिर झाली होती. हरीण म्हणजे कान हलणं, शेपटी उडणं, कातडी थरथरणं. सारखं काहीतरी चावत असतं, म्हणून सारखं काहीतरी हलत असतं. इथं अख्खा कळप उन्हात उभा होता आणि एक कान हलत नव्हता. बापाला यात शिस्त दिसली.

संध्याकाळी घराच्या मागच्या ओट्यावर सगळी बसत. ती वेळ डासांची. बाप मान बडवत होता, आई पदरानं वारा घेत होती, धाकटीनं तर दोन्ही पिंढऱ्या लाल करून घेतल्या होत्या. थोरली मधोमध बसली होती. हात मांडीवर, बाह्या कोपरापर्यंत वर.

तिच्यावर एकही डास नव्हता.

लहानपणी डास आधी थोरलीला शोधत यायचे. धाकटी तिच्या पाठीला चिकटून झोपायची ते यासाठीच, की चावायचे ते तिला चावावेत.

"ताई, तुला चावत नाहीत?"

"नाही गं."

"काय लावलंयस?"

"काही नाही. बरंय."

"हिचं रक्त गोड नाही तुझ्यासारखं," आई म्हणाली, आणि बाप हसला. दोघं बऱ्याच दिवसांनी एकाच विनोदावर हसली होती.

धाकटीनं थोरलीचा हात हातात घेतला. गार असेल असं तिला वाटलं होतं. गार नव्हता. गरम होता, पण उन्हात राहिलेलं भांडं असतं तसा. आत चूल पेटलेली असते तसा नव्हे.

"पोटात दुखतंय का गं तुझ्या? दर महिन्याला रडतेस ना?"

थोरलीनं विचार केल्यासारखं केलं. "नाही दुखत. बरंय."

तेवढ्यात एक डास भरकटत तिच्या मनगटाकडे आला. धाकटीनं श्वास धरला. बस, ती मनात म्हणाली, बस रे बाबा, एकदा बस. डास मनगटाच्या वर घुटमळला, आणि भिंतीवर आपटल्यासारखा मागं फिरला.

५

दुसऱ्या दिवशी धाकटीनं स्वयंपाकघरात दोघांना गाठलं.

"ताईला मावशीकडे पाठवा. आजच्या आज."

"डॉक्टर यायचाय," बाप म्हणाला. "कळप कोण धरील? तू?"

"तिला काहीतरी झालंय."

"काय झालंय?" आईनं हातातली सुरी खाली ठेवली. "ताप आहे? नाही. खात नाही? सगळं खाते. मीठ टाकायला विसरले तरी बोलली नाही परवा."

"तेच तर!"

"काय तेच तर? सकाळ झाली की हिची कटकट सुरू व्हायची. हे दुखतंय, ते बोचतंय, इथं जीव गुदमरतोय. शहरातल्या खोलीचं खूळ तर मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? खाटेखालची बॅग मी झाडताना रोज बघत होते." आईनं बोट नाचवलं. "काल मी ती बॅग तिच्या समोर उघडली. सगळे कपडे परत कपाटात लावले. हू की चू केलं नाही तिनं. घड्या घालायला मदत केली."

धाकटी आईकडे वळली.

"आणि तुला ते बरं वाटलं?"

"पंचवीस वर्षं वाट बघितली मी, ही पोरगी एकदा तरी ऐकेल म्हणून."

"आई, ती ऐकत नाहीये. तिच्यात ऐकायला कुणी..."

बाप उठला, तिच्याजवळ आला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं असं कधी केलं नव्हतं. मारलं असतं तरी परवडलं असतं.

"बघ," तो मऊ आवाजात म्हणाला, "तूही जाऊन बस की दोन दिवस तिच्याशेजारी. कुरणात. तुझीही डोक्याची वळवळ थांबेल. आम्ही काय कायमचे पुरणार आहोत का तुमची भांडणं सोसायला?"

आईनं मान डोलावली. दोघांच्या चेहऱ्यावर माया होती. खरीखुरी, नितळ माया. धाकटीला आजवर तेवढीच कधी मिळाली नव्हती, आणि आता ती तिच्यासमोर ताटात वाढल्यासारखी ठेवली होती.

६

डॉक्टर आला. जाडा, घामाघूम, पाठीला सॅक. त्यानं बापाचा चहा नाकारला, धाकटीच्या खोलीकडे बघितलंही नाही, आणि थेट कुरणात शिरला. वाटेल त्या हरणामागं गेला, स्वतःच्या हातानं गरम लेंड्या उचलल्या, स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली घातल्या. काम चोख होतं. धाकटी मनात त्याला हात जोडत होती. सापडू दे रे. एक अंडं सापडू दे.

तो बराच वेळ वाकून बसला. काच बदलली. पुन्हा बदलली.

"कमाल आहे," तो म्हणाला.

"आमची देखभालच तशी," बाप म्हणाला.

"इतकी शांत जनावरं मी आजवर बघितली नाहीत." डॉक्टर कळपाकडे बघत होता. कळप त्याच्याकडे बघत होता. साऱ्या माना एकाच कोनात, सारे कान ताठ, एकही पापणी हलत नाही. डॉक्टरनं घाम पुसला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. धाकटी पुढं झाली.

"डॉक्टर, जंत नसलेला जंगली कळप बघितलाय कधी तुम्ही?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. अर्ध्या क्षणापुरतं तिला वाटलं, हा बोलेल.

"तुम्ही कोण?"

"माझी धाकटी," बाप म्हणाला. "कॉलेज सोडून आलीये."

"असं होय." डॉक्टरचा चेहरा पुन्हा सुटसुटीत झाला. एवढं कळलं की पुरतं माणसाला. "छान, छान. उद्या गाड्या पाठवतो. तिकडच्या जंगलात आधीचे बरेच कळप आहेत, त्यांच्यात सोडू."

जाताना त्यानं थोरलीशीही हात मिळवला, कारण कळप तिनं धरला होता. "उत्तम काम केलंत," तो म्हणाला. थोरली म्हणाली, "बरंय." डॉक्टर वळला, आणि फाटकापर्यंत तो हात पँटला पुसत गेला. पुन्हा पुन्हा. आपण पुसतोय हे त्याला कळत नव्हतं.

७

गाड्या यायच्या दिवशी दुपारी धाकटी थोरलीचा हात धरून तिला आपल्या खोलीत घेऊन आली. दार लावलं. बाहेर बाप ड्रायव्हरांना ओरडून फळ्या लावायला सांगत होता.

खोलीतल्या फळीवर एक बरणी होती. मधली फाटकं निघायच्या आधीची, दुसऱ्या हरणांच्या लेंड्यांची, ओली करून उबेत ठेवलेली. तिच्यात अंकुशकृमीच्या अळ्या वाढल्या होत्या. डोळ्याला दिसतील न दिसतील अशा. हा जंत तोंडावाटे जायची वाट बघत नाही. अळी गवताच्या टोकावर उभी राहते, ऊब हुंगते, आणि कातडीतून आत शिरते. माणसाच्या कातडीतूनही शिरते. माणसात तिचं पुढं काही होत नाही, काही दिवस खाज सुटते आणि मरून जाते. पण शिरते. जिवंत, ऊबदार, कसलंही शरीर असलं की शिरते.

धाकटीला एवढंच बघायचं होतं. एक शिरली तरी पुरे. मग ती ताईला खांद्यावर टाकून शहरात नेणार होती, बॅग नसली तरी.

"बस, ताई. हात दे."

थोरलीनं हात दिला. धाकटीनं तो उताणा करून मोठ्या भिंगाखाली ठेवला, दिवा जवळ ओढला, आणि बरणीच्या काचेवरच्या दवातला एक थेंब उचलून तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोडला.

"आठवतं तुला, आपली खोली? खिडकीची?"

"कुठली खिडकी?"

"न उघडणारी."

"मग ती भिंतच की," थोरली म्हणाली. महिन्याभरापूर्वी हे ती हसून म्हणाली असती.

भिंगाखाली अळ्या थेंबात गरगरल्या. मग थांबल्या. मग सगळ्या एकदम थेंबाच्या एका कडेला आल्या, शेपटीवर उभ्या राहिल्या आणि डुलायला लागल्या. धाकटीच्या अंगठ्याच्या बाजूला. तिनं त्या अंगठ्यानं थोरलीचं मनगट धरलं होतं. तिनं अंगठा पलीकडे सरकवला. अळ्या पलीकडे आल्या. त्यांच्या खाली कातडी होती, गरम होती, मऊ होती, आणि त्या तिच्यावरून अशा चालल्या होत्या जशा काचेवरून चालाव्यात.

"खाली बघा ना," धाकटी त्यांना म्हणाली. "खाली."

तिनं भिंग जवळ आणलं. थोरलीच्या तळहातावरच्या रेषा जिथल्या तिथं होत्या. मनगटावरची वळी होती, लहानपणी पत्रा लागला होता त्याचा व्रण होता. मग तिनं भिंग थोडं कडेला नेलं, जिथं कुणी सहसा बघत नाही, मनगटाच्या बाजूला. तिथं रेषा संपत होत्या. छिद्रं संपत होती, लव संपत होती. पुढं काही केलेलंच नव्हतं. इतक्या जवळून कुणी बघेल असं धरलं नव्हतं, एवढंच.

धाकटीनं भिंग सोडलं नाही. तिचा अंगठा घसरला आणि थेंबात गेला.

टोचलं.

सुईचं टोक लागावं तसं. मग दुसरं, मग आग. तिच्या अंगठ्यावर लाल ठिपके उठले आणि खाज सुटली, अशी की दातानं ओरबाडावी. धाकटी रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. मी आहे, ती मनात म्हणत होती. यांना मी चालते. बहीण समोर बसली होती, बहिणीचं काहीच उरलं नव्हतं, आणि धाकटीला त्या क्षणी फक्त आनंद होत होता. तिला स्वतःची किळस आली, आणि ती किळससुद्धा गोड लागली.

"काय होतंय?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं वर बघितलं. कित्येक दिवसांत थोरलीनं स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

"टोचतंय."

"कसं?"

"आधी टोचतं, ताई. मग आग होते. मग खाज."

थोरली पुढं झुकली. तिचा चेहरा अंगठ्याच्या अगदी जवळ आला. लहान मूल दुकानाच्या काचेला नाक लावून आतलं बघतं, तसं ती बघत राहिली.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवेल. मी आठवून देईन. चल, आत्ता चल, मागच्या दारानं—"

"बघू."

आणि तिनं धाकटीचा अंगठा मुठीत घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना ती तसाच धरायची. घट्ट नव्हता धरला. पण सुटेना.

बाहेर पहिली गाडी सुरू झाली. एकही खूर आपटला नाही. आई कुणाला तरी सांगत होती, की आमच्या पोरी लहानपणापासून जनावरांच्या वेड्या. बापाचं हसणं ऐकू आलं. नंतर दोघांची पावलं दाराशी आली आणि थांबली. कुणी दार वाजवलं नाही. दोघंही वाट बघत होती बहुतेक, मायेनं.

भिंग अजून मुठीवरच होतं. थोरलीच्या बोटांच्या फटीतून केसाहून बारीक, ओलसर असं काही बाहेर आलं. मग आणखी. टेबलावर उतरलं आणि घाईघाईनं बरणीच्या दिशेनं चालू लागलं.

आग कमी झाली. मग खाजेची धार गेली.

"आता?" थोरलीनं विचारलं.

मोकळ्या हाताचं नख धाकटीनं स्वतःच्या मांडीत रुतवलं, आणखी रुतवलं, आणि दुखायची वाट बघत बसली.